दिनार आणि दिवसाची मजुरी

द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला दर तीन वर्षांनी एकदा रविवारच्या मिस्सामध्ये आपल्या कानांवर पडतो. मळ्याच्या धन्याने पहाटे आलेल्या मजुरांशी जो करार केला तो एका दिनाराचा होता. प्रभू येशूच्या काळी हे रोमन चांदीचे नाणे म्हणजे साधारणपणे एका मजुराची एका दिवसाची मजुरी. रोमचे साम्राज्य केव्हाच लयाला गेले, पण त्या नाण्याचे नाव अरबी मुलखांत टिकून राहिले. आपल्या संस्कृत ग्रंथांतही 'दीनार' या रूपाने ते येऊन बसले. इराकचे चलन आजही दिनारच आहे.

१९९० पूर्वी सरकारी दराने एका इराकी दिनाराची किंमत तीन डॉलरांहून अधिक होती. १९९५ साल सरता सरता बगदादच्या बाजारात एका डॉलरसाठी सुमारे तीन हजार दिनार मोजावे लागत होते. शाळामास्तराचा महिन्याचा पगार काही हजार दिनार. म्हणजे महिनाभर मुले शिकवून हाती यायचे ते दोन-तीन डॉलर, कधी तेवढेही नाही. धन्याने ठरल्याप्रमाणे मजुरी दिली, पुरेपूर दिली, आणि तरीही मजूर रिकाम्या हातांनी घरी गेला, असा हा दाखला तेथे उलटा झाला. प्रकटीकरणाच्या ग्रंथात काळ्या घोड्यावरील स्वार हाती तराजू घेऊन येतो आणि दिवसाच्या मजुरीत एका माणसापुरता गहू मिळेल अशी घोषणा ऐकू येते. त्या वचनावर प्रवचन करताना आम्ही पूर्वी दुष्काळाविषयी बोलत असू. परंतु तराजू हे दुष्काळाचे चिन्ह नव्हे. तराजू माणसाच्या हातात असतो.

युद्ध हरलेल्या आणि साऱ्या जगाने वाळीत टाकलेल्या देशात सामान्य कुटुंबाची आर्थिक सुरक्षितता म्हणजे नेमके काय, आणि ती हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो, हा प्रश्न येथे मांडावयाचा आहे. इराकची बारा-तेरा वर्षे हे त्याचे उदाहरण. वाचकांस हा विषय दूरचा वाटेल. तो तितकासा दूरचा नाही, हे पुढे दिसून येईल.

घटनाक्रम थोडक्यात सांगितला पाहिजे. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या सैन्याने कुवेत गिळंकृत केले. चारच दिवसांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने इराकशी सर्व व्यापार बंद केला. औषधे व अपवादात्मक स्थितीत अन्न एवढेच त्यातून वगळले. त्या वेळी जगातील अनेक शांतताप्रेमी माणसांनी, त्यांत ख्रिस्तसभेतील माणसांनीही, या उपायाचे स्वागत केले. बॉम्ब टाकण्यापेक्षा व्यापार तोडणे बरे, असाच विचार त्यामागे होता. आम्ही तेव्हा सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत होतो आणि आमच्या वर्गातही बहुतेकांचे मत तेच होते. प्रत्यक्षात दोन्ही झाले. जानेवारी-फेब्रुवारी १९९१ च्या युद्धात वीजकेंद्रे उद्ध्वस्त झाली. वीज गेली तशी पाणी शुद्ध करणारी आणि सांडपाणी उपसणारी यंत्रे बंद पडली. कुवेत मुक्त झाले, पण व्यापारबंदी उठली नाही. विध्वंसक शस्त्रे नष्ट केल्याची खात्री पटेपर्यंत ती चालू राहील, असे एप्रिल १९९१ मध्ये ठरले, आणि ती २२ मे २००३ पर्यंत चालू राहिली.

सद्दामविषयी आमच्या मनात तिळमात्र सहानुभूती नाही. मार्च १९८८ मध्ये हलब्जा गावातील कुर्द स्त्रीपुरुषांवर आणि मुलांवर विषारी वायू सोडणारी राजवट ती हीच. शिवाय एक गोष्ट विसरून चालणार नाही. ठराविक तेल विकून त्या पैशांत अन्न व औषधे घ्यावीत, अशी योजना सुरक्षा परिषदेने १९९१ सालीच पुढे केली होती. देशाच्या सार्वभौमत्वाला बाधा येते या सबबीवर बगदादने ती नाकारली. तशीच योजना १९९५ मध्ये पुन्हा मांडली गेली, १९९६ च्या मे महिन्यात करार झाला, आणि तिच्यातले पहिले अन्न मार्च १९९७ मध्ये इराकात पोहोचले. मधल्या वर्षांत रुग्णालयांत औषधे नव्हती, राजवाड्यांची बांधकामे मात्र थांबली नव्हती. राजांच्या दुसऱ्या ग्रंथात शोमरोनला वेढा पडतो, गाढवाचे डोके ऐंशी शेकेल चांदीला विकले जाते, आणि तटावरून चालणाऱ्या राजाने वस्त्राआड गोणपाट नेसलेले लोकांना दिसते. तो राजाही काही पुण्यात्मा नव्हता. पण गोणपाट तरी होते.

आता त्या कुटुंबाकडे येऊ. युद्धापूर्वी इराक आपल्या अन्नापैकी सुमारे दोन-तृतीयांश बाहेरून आणत असे आणि त्याचे पैसे तेलातून येत. दोन्ही वाटा एकदम बंद झाल्यावर खरे तर भीषण उपासमारी व्हावयास हवी होती. तशी ती झाली नाही, याचे श्रेय सप्टेंबर १९९० मध्ये सुरू झालेल्या शिधावाटपाला द्यावे लागते. प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका मिळाली. मोहल्ल्यातील दुकानदारच सरकारचा वाटपदार झाला. असे चाळीस हजारांहून अधिक दुकानदार देशभर होते. पीठ, तांदूळ, साखर, चहा, तेल, साबण आणि तान्ह्या बाळांसाठी दुधाची भुकटी नाममात्र किमतीत मिळू लागली. सुरुवातीच्या वर्षांत हा शिधा गरजेच्या निम्म्याच्या आसपास होता, १९९७ नंतर तो वाढला. रेशनच्या रांगेत उभे राहिलेल्या आपल्या पिढीला त्या वाटपाची शिस्त थक्क करील. वजनात मारणे आणि माल काळ्या बाजारात नेणे या आपल्याकडील नेहमीच्या कथा तेथे पुष्कळच कमी होत्या, अशी साक्ष बाहेरून पाहणीस गेलेल्यांनी दिली आहे.

मग कुटुंब सुरक्षित झाले, असे म्हणावे काय? आमच्या मते येथेच प्रश्नाची खरी गाठ आहे.

मनुष्य उपाशी नाही एवढ्यावरून तो सुरक्षित आहे असे ठरत नाही. तुरुंगातील कैदीही उपाशी नसतो. ज्याला उद्याची भाकर आपल्या हातांनी मिळविता येते, ज्याच्या श्रमाला बाजारात काही मोल आहे, आणि ज्याला आपली भाकर कोणाच्या मर्जीवर अवलंबून आहे याची रात्री धास्ती वाटत नाही, तो सुरक्षित. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या आपल्या श्रमविषयक परिपत्रकात कोणतीही अर्थव्यवस्था न्याय्य आहे की नाही याची कसोटी श्रमिकाला मिळणाऱ्या न्याय्य वेतनाशी नेऊन ठेवली, ती याच कारणाने. वेतन म्हणजे केवळ पैसा नव्हे. 'तुझ्या श्रमाची आम्हांला गरज आहे' असे समाजाने माणसाला दिलेले ते वचन असते.

इराकमध्ये अन्न राहिले आणि वेतन गेले. अभियंते टॅक्सी चालवू लागले. शिक्षकांनी शाळा सोडल्या, मुलांनी शाळा सोडून रस्त्यावर सिगारेटी विकल्या. बगदादच्या मुतनब्बी रस्त्यावर दर शुक्रवारी पुस्तकांचा बाजार भरतो. त्या वर्षांत सुशिक्षितांच्या घरांतील ग्रंथसंग्रह तेथे फुटपाथावर येऊन पडले. घरातील सोने, मग फर्निचर, मग पुस्तके, या क्रमाने एकेक घर रिकामे होत गेले. जे जाऊ शकत होते ते देश सोडून गेले. त्यांत आपले खाल्डियन कॅथलिक बंधू मोठ्या संख्येने होते. त्यांचे कुलगुरू राफाएल बिदाविद जगभर फिरून या व्यापारबंदीविरुद्ध बोलत राहिले. त्यांनी राजवटीविरुद्धही तितक्याच मोठ्याने बोलावयास हवे होते, अशी टीका त्यांच्यावर होते. बगदादमध्ये राहून ते कोणी बोलू शकला असता असे मात्र आम्हांला वाटत नाही.

आणि शिधा कोणाच्या हातून येत होता? राजाच्या. ऑक्टोबर १९९१ मध्ये उत्तरेतील कुर्द प्रदेश हातून निसटल्यावर बगदादने तेथील सरकारी नोकरांचे पगार थांबविले आणि त्या प्रदेशाकडे जाणाऱ्या मालाची स्वतःच नाकेबंदी केली. साऱ्या जगाने इराकला जे केले, तेच इराकच्या राजाने आपल्याच एका भागाला केले. जेवणाच्या पंगतीत वाढप्याशी कोणी भांडत नाही. ज्या व्यापारबंदीने राजाला दुर्बळ करावयाचे होते तिने सुमारे सव्वादोन कोटी प्रजेची पळी त्याच्या हाती दिली.

१९९६ च्या 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेने ही गाठ सुटेल असे वाटले होते. पोट काही अंशी भरले, गाठ मात्र अधिकच आवळली. विकलेल्या तेलाचे पैसे इराकात येत नव्हते. ते न्यूयॉर्कमधील एका बँकेत संयुक्त राष्ट्रसंघाच्या खात्यात जमा होत. त्यातून परदेशांतील माल विकत घेता येई. परंतु मध्य व दक्षिण इराकात शिक्षकाचा किंवा परिचारिकेचा पगार त्यातून देता येत नसे, आणि इराकी शेतकऱ्याचा गहूही घेता येत नसे. दुसऱ्या देशांचा गहू जहाजांनी येई आणि जवळजवळ फुकट वाटला जाई. मग मोसूलच्या शेतकऱ्याने पिकविलेला गहू कोण घेणार? सुईपासून पंपापर्यंत प्रत्येक करार परिषदेच्या समितीपुढे जाई. तिच्यातील एकाही सदस्याने हरकत घेतली की तो अडकून पडे, आणि हरकती घेणारा बहुतेक वेळा एकच देश असे, अमेरिका. एखाद्या वस्तूपासून शस्त्र बनू शकेल ही शंका पुरेशी होती. पाणी शुद्ध करणाऱ्या क्लोरीनवरही म्हणून कडक नजर होती. २००२ पर्यंत पाच अब्ज डॉलरांहून अधिक किमतीचे करार असे लटकलेले होते. या योजनेवर देखरेख ठेवणारे आयरिश अधिकारी डेनिस हॅलिडे यांनी १९९८ मध्ये राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेले जर्मन अधिकारी हान्स फॉन स्पॉनेक हेही २००० साली तीच वाट चालून गेले. स्वतःची चाकरी सोडून विवेकाची साक्ष देणारी माणसे मोठ्या संस्थांत विरळाच.

पुढे २००५ च्या चौकशीत निघाले की दोन हजारांहून अधिक कंपन्यांनी या व्यवहारांत सद्दामच्या राजवटीला लाच किंवा वरचा पैसा दिला होता. आपल्या देशाच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांचे नावही त्या अहवालात आले. त्यांनी आरोप नाकारला, पण त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्यांना ते खाते सोडावे लागले. हा भाग सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही. वर्तमानपत्रांनी लाचेची जेवढी चर्चा केली, तेवढी शिक्षकाच्या पगाराची कधी केली नाही, एवढेच नोंदवितो.

नैतिक धर्मशास्त्राच्या वर्गात आपल्याला दुहेरी परिणामाचे तत्त्व शिकविले जाते. चांगल्या हेतूने केलेल्या कृत्यातून वाईट परिणामही घडत असेल तर ते कृत्य केव्हा क्षम्य ठरते, याचे हे तत्त्व. त्याची एक अट अशी की वाईट परिणाम हे चांगल्या परिणामाचे साधन असता कामा नये. शत्रूच्या दारूगोळ्याच्या कोठारावर हल्ला करताना शेजारचे घर पडले, तर ते घर पडणे हे आपले साधन नसते. व्यापारबंदीत तसे आहे काय? लोकांचे हाल व्हावेत, हालांनी ते अस्वस्थ व्हावेत, आणि अस्वस्थ लोकांनी राजाला नमवावे किंवा हाकलावे, हाच जर हिशोब असेल, तर हाल हे त्या हिशोबातील साधनच झाले. शेजारचे घर येथे चुकून पडत नाही; तेच घर पाडून कोठारापर्यंत जावयाचे असते. याउलट शस्त्रांचा व्यापार बंद करणे, राजाची आणि त्याच्या आप्तांची परदेशांतील खाती गोठविणे, त्यांचा प्रवास रोखणे, यांत ती अडचण येत नाही. निर्बंध या शब्दाखाली दोन्ही प्रकार एकत्र मोडतात आणि त्यामुळे चर्चेत मोठा घोळ होतो.

अनुवादाच्या ग्रंथात नगराला वेढा घालणाऱ्यांना एक मर्यादा घालून दिली आहे. फळझाडे तोडायची नाहीत; वेढ्यासाठी लाकूड हवे असेल तर न फळणारी झाडे घ्यावीत. झाड काही शत्रू नव्हे, हे त्यामागील कारण. वेढा घालण्याची अनुज्ञा देणाऱ्या त्याच विधीने वेढा उठल्यानंतर लोक कशावर जगतील याचाही विचार केला आहे. शाळा आणि शिक्षक, जलशुद्धीकरणाची केंद्रे आणि ती चालवू शकणारे अभियंते, ही देशाची फळझाडे होत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीच्या संग्रहातही निर्बंधांना सरसकट निषिद्ध ठरविलेले नाही. पण साऱ्या जनतेला शिक्षा करणे हा त्यांचा हेतू असता कामा नये, त्यांच्या परिणामांची वेळोवेळी तपासणी व्हावी, आणि आर्थिक निर्बंधांना काळाची मर्यादा असावी, असे तेथे स्पष्ट सांगितले आहे. इराकच्या अनुभवानंतर ते लिहिले गेले, हे उघड आहे.

येथे एका आकड्याचा विचार करावाच लागेल. व्यापारबंदीमुळे पाच लाख बालके दगावली, असे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र सांगितले जाई. आपल्या प्रवचनांत, नियतकालिकांत आणि युवकांच्या शिबिरांतही तो आकडा फिरला. १९९९ मध्ये युनिसेफ आणि इराकी सरकार यांनी मिळून केलेल्या पाहणीने त्याला बळ मिळाले. परंतु राजवट पडल्यानंतर झालेल्या पाहण्यांत बालमृत्यूंत तशी प्रचंड वाढ आढळली नाही. ती १९९९ ची माहिती राजवटीनेच फिरविली होती, असा निष्कर्ष २०१७ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात दोन संशोधकांनी मांडला, आणि तो आम्हांला पटण्याजोगा वाटतो. हुकूमशहाने स्वतःच्या प्रजेच्या मृत बालकांचीही खोटी गणती केली, आणि कनवाळू जगाने ती खरी मानली.

मग व्यापारबंदीविरुद्धचा नैतिक आक्षेप गळून पडतो काय? मे १९९६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रसंघातील तत्कालीन राजदूत मॅडलिन अल्ब्राइट यांना दूरदर्शनवरील मुलाखतीत हाच आकडा सांगून विचारण्यात आले की ही किंमत योग्य आहे काय. निवड कठीण आहे, परंतु किंमत योग्य आहे असे आम्हांला वाटते, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. पुढे आत्मचरित्रात त्यांनी त्या उत्तराबद्दल खेद व्यक्त केला, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरी एक गोष्ट लक्षात घ्यावी. उत्तर देताना त्यांनी आकडा नाकारला नाही. तो खरा धरून त्या बोलल्या. एखाद्याने अंधारात माणूस समजून खांबावर गोळी झाडली, तर माणूस मेला नाही याचा आनंद आपण मानू, पण गोळी झाडणाऱ्याच्या मनाविषयीचा आपला निर्णय त्याने बदलत नाही. खोटा आकडा वापरणाऱ्यांनी सत्याचा अपराध केला. पाच लाखांचा आकडा खरा मानूनही जे हलले नाहीत, त्यांच्या विवेकाचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

आता हा विषय आपल्या घराशी येतो तो भाग. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९९० या काळात कुवेत व इराकमधून सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीय मायदेशी आणले गेले, बहुतेक अम्मानमार्गे मुंबईला, एअर इंडियाच्या विमानांतून. त्यांत गोव्याचे, वसईचे आणि कोकणातील लोक पुष्कळ होते. थकलेला पगार, बँकेतील शिल्लक, घरातील सामान, सारे तेथे टाकून ही माणसे एकेका पिशवीनिशी सहार विमानतळावर उतरली. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने नुकसानभरपाईसाठी एक आयोग नेमला. देश सोडावा लागलेल्या एकट्या व्यक्तीला अडीच ते चार हजार डॉलर आणि कुटुंबाला पाच ते आठ हजार डॉलर, असे ठरले. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात ते पैसे हप्त्याहप्त्याने आपल्या लोकांच्या हाती पडले. त्यातून कोणाचे घर पुरे झाले, कोणाच्या मुलीचे लग्न झाले, कोणाचे कर्ज फिटले. अशी कुटुंबे आपल्या अनेक धर्मग्रामांत आहेत.

हे पैसे आले कोठून? इराकी तेलाच्या विक्रीतून. 'तेलाच्या बदल्यात अन्न' योजनेतील प्रत्येक शंभर डॉलरांपैकी तीस डॉलर आधीच भरपाईच्या निधीत वळते होत. डिसेंबर २००० पासून पंचवीस. ज्या पिंपातून बसऱ्याच्या बालकाचे दूध विकत घेतले जाई, त्याच पिंपातून आपल्या माणसाचा धनादेश निघाला.

मग तो घेणे चूक होते काय? मुळीच नाही. मजुराची मजुरी बुडविणे हे बेन सिराच्या ग्रंथाने रक्तपाताच्या पंक्तीला बसविले आहे. शेजाऱ्याच्या उपजीविकेचे साधन काढून घेणारा त्याचा वधच करतो, असा त्या वचनाचा आशय आहे. कुवेतमधील मोलकरीण, वाहनचालक, कारकून यांची उपजीविका सद्दामने हिरावली होती. ती त्यांना परत मिळणे हा न्यायच होय. मोठ्या कंपन्यांच्या आधी या छोट्या माणसांचे दावे निकाली काढण्याचे आयोगाने ठरविले, ही त्या साऱ्या व्यवहारातील उजळ बाजू. परंतु आपल्या नीतिशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत परतफेडीच्या प्रकरणात एक कलम असते. ऋणको स्वतः पराकोटीच्या विपत्तीत असेल, तर ती विपत्ती टळेपर्यंत परतफेड पुढे ढकलता येते. ऋण बुडत नाही, थांबते. धनकोही तितक्याच गरजेत असेल, तर मात्र ही सवलत लागू होत नाही. या मापाने पाहिले तर घरदार गमावून आलेल्या मजुराचे पैसे थांबविण्याचे कारण नव्हते. कुवेतच्या पेट्रोलियम महामंडळाला एकट्याला १४.७ अब्ज डॉलर मंजूर झाले. ते थांबू शकत होते. इराकी मूल पोटभर जेवून शाळेत जाऊ लागेपर्यंत त्या महामंडळाचे काहीच बिघडले नसते.

आणि हे केवळ पोथीतले कलम नव्हते, हे पुढे जगानेच दाखवून दिले. २०१४ मध्ये दहशतवाद्यांनी इराकचा मोठा भाग बळकावला, तेव्हा भरपाईचे हप्ते पुढे ढकलण्यात आले आणि २०१८ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. जे २०१४ साली शक्य झाले ते १९९६ साली अशक्य होते असे कोणी म्हणू नये. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. एकूण रक्कम ५२.४ अब्ज डॉलर. ज्या इराकी तरुणांच्या देशाने हा शेवटचा हप्ता भरला त्यांच्यापैकी पुष्कळांचा कुवेतवरील आक्रमणाच्या वेळी जन्मही झाला नव्हता.

इराकवरून जगाने काही धडे घेतले. सुरक्षा परिषदेने १९९४ नंतर एखाद्या देशावर तशी सर्वंकष व्यापारबंदी लादलेली नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तिने अन्न, औषधे व जीवनावश्यक मदत यांना आपल्या आर्थिक निर्बंधांतून मोठी सूट दिली. तरीही वेतनाचा प्रश्न जेथल्या तेथेच आहे, हे अफगाणिस्तानात दिसले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले, त्याच सुमारास त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर न्यूयॉर्कमध्ये गोठविले गेले आणि परदेशी मदतीवर चालणारे पगार एका रात्रीत थांबले. तालिबानने तर मोठ्या मुलींच्या शाळाच बंद केल्या. जगाला दूर राहण्याचे कारण त्यांनी स्वतःच पुरविले. गव्हाची पोती मात्र पोहोचत राहिली.

तेव्हा एक निराळा प्रयत्न झाला. राज्यकर्त्यांच्या हाती पैसा न देता तो थेट कामकऱ्याच्या हाती पोहोचवायचा. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने नोव्हेंबर २०२१ पासून अफगाण रुग्णालयांतील डॉक्टर व परिचारिकांचे पगार देण्यास सुरुवात केली. युनिसेफने २०२२ च्या आरंभी सरकारी शाळांतील जवळजवळ दोन लाख शिक्षकांना दरमहा शंभर डॉलर दिले. म्हणजे शिक्षकाला पोते न देता मजुरी देणे शक्य असते, आणि राजाला मधून वगळूनही शक्य असते. शिक्षकांना मिळालेले ते पगार दोन महिन्यांचे होते. रुग्णालयांचे पगार ऑगस्ट २०२३ मध्ये थांबले; देणगीदार देशांकडून पुरेसा निधी आला नाही.